कीबोर्ड, विजेट आणि ‘पूर्ण नियंत्रण’: फोनला बाहेरचे सॉफ्टवेअर नेमके कुठे जोडले जाते

लग्नाची पत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा वीजबिल थकल्याची सूचना असल्याचे भासवून व्हॉट्सॲपवर येणारी फाइल आणि ती उघडल्यानंतर रिकामे झालेले बँक खाते, ही बातमी आता कोल्हापुरात कोणाला नवी राहिलेली नाही. फाइल उघडताच फोनचा ताबा चोरट्यांकडे गेला, असे त्या बातमीत हमखास छापलेले असते. पण ताबा जातो म्हणजे फोनच्या आत काय घडते, हे सहसा कोणी सांगत नाही. दुसरीकडे, मराठी लिहिण्यासाठी एखादा साधा कीबोर्ड बसवायला गेले तरी फोन बजावतो की हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेला सर्व मजकूर, पासवर्डसुद्धा, गोळा करू शकेल. त्या फाइलमधल्या प्रोग्रामला ताबा देतानाही फोन इशारा देतोच, आणि दोन्ही ठिकाणी इशाऱ्याचा सूर सारखाच गंभीर असतो. ज्यांना आपल्या भाषेत चार ओळी लिहिण्यासाठी असा इशारा एकदा ओलांडावा लागला आहे, त्यांना पुढचा इशारा ओलांडताना काहीच वाटत नाही, आणि माझ्या मते फसवणुकीचे अर्धे काम तिथेच होऊन जाते.

या दोन इशाऱ्यांत फरक कोणता, हे कळण्यासाठी ‘प्लगइन’ ही कल्पना समजून घ्यावी लागेल.

पडदा एक, कामकरी अनेक

फोन हातात घेतल्यावर दिसणारा पडदा एकाच कंपनीने रंगवलेले एकसंध चित्र आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात वरची बारीक पट्टी एका प्रोग्रामची असते, चिन्हांनी भरलेले मुख्य पान ‘लाँचर’ नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामचे, त्यावरचा हवामानाचा चौकोन, म्हणजे ‘विजेट’, तिसऱ्याचा आणि लिहायला घेतल्यावर खालून वर येणारा कीबोर्ड चौथ्याचा. यांतले काही फोनसोबत आलेले असतात, काही आपण नंतर बसवलेले असतात.

मूळ सॉफ्टवेअरमध्ये बदल न करता त्याला बाहेरून जोडता येतो आणि त्याचाच भाग असल्यासारखे काम करतो, अशा छोट्या प्रोग्रामला प्लगइन म्हणतात. तो कुठे जोडायचा, त्याला काय मिळेल आणि त्याने काय द्यायचे, हे ठरवणाऱ्या लेखी नियमांना इंटरफेस म्हणतात. या लेखात त्याला सरळ ‘जोडणी’ म्हणू. नेहमीचे ॲप स्वतःचे पान उघडून स्वतःपुरते काम करते, तर प्लगइन दुसऱ्याच्या पानावर काम करते. सगळी सोय आणि सगळा धोका या एका गोष्टीतून येतो.

ट्रॅक्टरला रोटाव्हेटर कसा बसतो

शिरोळ-कागलकडच्या वाचकांना ही गोष्ट ट्रॅक्टरवरून लगेच उमगेल. ट्रॅक्टर एका कंपनीचा असतो, रोटाव्हेटर दुसरीचा, आणि तरीही ते एकमेकांना बसतात, कारण ट्रॅक्टरच्या मागे असलेली तीन-बिंदू जोडणी आणि इंजिनाची ताकद अवजाराला देणारा पीटीओचा शाफ्ट ठरलेल्या मापाचे असतात. पिनांची मापे ठरलेली, शाफ्टचे मिनिटाला ५४० फेरे ठरलेले. त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या कारागिराला नवे अवजार बनवायचे झाले, तर त्याला ट्रॅक्टर कंपनीच्या इंजिनाचे नकाशे लागत नाहीत आणि तिची परवानगीही लागत नाही. मापे पाळली की काम झाले. उद्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर बदलला तरी अवजार तेच चालते.

या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे आणि तोच पुढे उपयोगी पडणार आहे. अवजाराला ट्रॅक्टरकडून ताकद मिळते, पण ते कधी उचलायचे आणि कधी टेकवायचे हे चालकाच्या हातातली लिफ्ट ठरवते. अवजाराला गिअर बदलता येत नाही की स्टिअरिंग फिरवता येत नाही. याचा अर्थ जोडणी जशी काही अधिकार देते, तसेच बाकीचे सर्व अधिकार राखूनही ठेवते. फोनमधल्या प्रत्येक जोडणीबाबत विचारायचा प्रश्न म्हणूनच असा असतो: इथे जोडलेल्याला काय मिळते, आणि काय कधीच मिळत नाही?

कीबोर्डच्या जोडणीतून काय जाते

अँड्रॉइडमध्ये ही सोय २००९ साली १.५ या आवृत्तीत आली. त्या आवृत्तीत पडद्यावरचा कीबोर्ड आला, तो बाहेरच्या कोणालाही बनवता येईल अशी जोडणी आली आणि मुख्य पानावरच्या विजेटची जोडणीही बाहेरच्यांसाठी खुली झाली. त्याआधी अशा फोनवर देवनागरी कीबोर्ड असावा की नसावा, हे फोन बनवणारी कंपनी ठरवत असे. जोडणी खुली झाल्यावर काय घडू शकते, याचा नमुना म्हणजे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक संरचना केंद्रात तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती मात्रांचे चक्र उमटते आणि बोट ज्या दिशेला सरकेल ती मात्रा लागते. ही मांडणी बाराखडी गिरवलेल्या माणसाने बाराखडी गिरवलेल्या माणसांसाठी केलेली आहे, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी एकाही फोन कंपनीला आपले सॉफ्टवेअर बदलावे लागले नाही.

आता व्हॉट्सॲपच्या चौकटीत बोट ठेवल्यावर काय होते ते पाहू. व्हॉट्सॲप अँड्रॉइडला कळवते की मला मजकूर हवा आहे, आणि त्यासोबत चौकटीचा प्रकारही कळवते: इथे साधा मजकूर लिहायचा आहे, फोन नंबर टाकायचा आहे की पासवर्ड. अँड्रॉइड निवडलेल्या कीबोर्डला जागे करते आणि ही माहिती त्याच्या हाती देते. त्यानंतर कळा काढण्याचे काम सर्वस्वी कीबोर्डचे. आपण ‘कोल्हापूर’ लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात, पण फोनच्या हिशेबी ती क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र अशी नऊ चिन्हे असतात. त्यांचा क्रम जुळवणे, अर्धवट शब्द अधोरेखित करून तात्पुरता दाखवणे, शब्द पूर्ण झाला की तो चौकटीत कायम करणे आणि मागे जाण्याची कळ दाबली तर एक चिन्ह पुसायचे की पूर्ण अक्षर, हे ठरवणे कीबोर्डकडे असते. (‘ल्हा’ पुसताना एखादा कीबोर्ड काना तेवढा काढतो आणि दुसरा सगळे जोडाक्षर गिळून टाकतो, त्याचे कारण हेच; त्यात व्हॉट्सॲपचा काही दोष नसतो.)

या जोडणीतून कीबोर्डला आणखी एक गोष्ट मागता येते, ती म्हणजे कर्सरच्या आधी आणि नंतर त्या चौकटीत काय लिहिलेले आहे. शब्द सुचवण्यासाठी ते लागतेच. मात्र समोरच्याने पाठवलेला संदेश, बँकेच्या पानावर छापलेली शिल्लक किंवा दुसऱ्या ॲपमधला मजकूर त्याला दिसत नाही. म्हणून कीबोर्डविषयीचा तो इशारा खरा असला, तरी त्याची व्याप्ती मर्यादित आहे: तुम्ही लिहाल ते त्याला कळू शकते, तुम्ही वाचाल ते नाही.

यात भाबडेपणाला मात्र जागा नको. चौकट पासवर्डची आहे किंवा इथले शब्द लक्षात ठेवू नकोस, असे ॲप कीबोर्डला सांगू शकते, पण ती विनंती असते आणि पाळायची की नाही हे शेवटी कीबोर्ड बनवणाऱ्याच्या हाती असते. शिवाय अँड्रॉइडवर ॲपला इंटरनेट वापरण्यासाठी आपली वेगळी संमती घ्यावी लागत नाही. ॲपलने २०१४ मध्ये आयओएस ८ सोबत बाहेरच्या कीबोर्डना वाव दिला तेव्हा वेगळी रीत ठेवली: ‘पूर्ण प्रवेश’ दिल्याशिवाय कीबोर्डला इंटरनेटपर्यंत पोहोचता येत नाही, आणि पासवर्डच्या चौकटीत बाहेरचा कीबोर्ड आपोआप मागे सरून आयफोनचा स्वतःचा कीबोर्ड येतो. आयफोनवर पासवर्ड टाकताना आपला मराठी कीबोर्ड अचानक नाहीसा का होतो, याचे उत्तर हे आहे.

विजेट: कमी मिळते, म्हणून निर्धोक

विजेटची जोडणी याच्या अगदी उलट टोकाला आहे. समजा, पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी दाखवणारे विजेट कोणी बनवले, ज्यात ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की आकडा पिवळा आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की लाल होईल. हे विजेट मुख्य पानावर स्वतः काही रंगवत नाही. त्याचे ॲप ‘इथे हा आकडा, या रंगात, या आकारात’ असे वर्णन तेवढे पाठवते आणि रंगवण्याचे काम लाँचर करतो. वर्णनात वापरता येणारे घटकही मोजकेच असतात. लिहिण्याची चौकट त्यांत नाही, आणि म्हणूनच शोधाच्या विजेटवर बोट ठेवले की तिथल्या तिथे लिहिता येत नाही, वेगळे पान उघडते. शेजारचे विजेट काय दाखवते आहे हेही त्याला कळत नाही.

ठरावीक वेळाने आकडा ताजा करण्याची जी सोय या जोडणीत आहे, ती तीस मिनिटांपेक्षा कमी अंतराने चालत नाही; बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने घातलेली ही मर्यादा आहे. ॲपला दुसऱ्या मार्गाने लवकर ताजेपणा आणता येतो, पण ते त्याच्या कर्त्याने मुद्दाम करावे लागते. तेव्हा पूर चढत असताना विजेटवरच्या आकड्याखाली वेळ छापलेली नसेल, तर त्यावर विसंबू नये.

आधीच्या पिढीचा धडा

स्मार्टफोनच्या आधी हातात मावणारे संगणक होते. १९९६ च्या पाम पायलटसाठी हौशी लोकांनी ‘हॅक’ नावाचे छोटे प्रोग्राम लिहिले, जे यंत्राच्या मूळ सूचना मध्येच अडवून त्यांच्या जागी स्वतःच्या घालत. त्यांनी सोयी भरपूर दिल्या, पण दोन हॅक एकाच सूचनेवर टपले की यंत्र कोलमडे.

शार्प कंपनीच्या झॉरस या, लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या यंत्रावर अधिक शिस्त होती. २००२ च्या त्याच्या एसएल-५५०० या मॉडेलवर नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचे क्युटोपिया हे चित्रमय वातावरण चाले, आणि त्याच्याच खुल्या कोडमधून ‘ओपी’ नावाचे मुक्त वातावरण तयार झाले. त्यांत खालच्या पट्टीवरची छोटी चिन्हे आणि लिहिण्याच्या पद्धती यांच्यासाठी रीतसर जोडण्या होत्या. प्लगइनची फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. मुख्य प्रोग्राम सुरू होताना ती फाइल आत घेई आणि १२८ बिटांचा एक ओळख-क्रमांक पुढे करून विचारी की या क्रमांकाची जोडणी तुझ्याकडे आहे का. होकार आला तर प्लगइन कामाला लागे, नकार आला तर ते बाजूला राही. जोडणीत काही बदल करायचा असेल तर नव्या जोडणीला नवा क्रमांक द्यायचा, म्हणजे जुन्या प्लगइनची फसगत होत नाही. ही पद्धत आजही मला फार नेटकी वाटते.

उणीव एकच होती, पण ती मोठी होती. प्लगइन मुख्य प्रोग्रामच्या पोटातच, त्याच्याच स्मृतीत (मेमरीत) चाले. घड्याळाच्या क्षुल्लक प्लगइनमध्ये चूक झाली तरी त्याच्यासोबत सगळी पट्टी कोसळे, आणि वाईट हेतूने लिहिलेल्या प्लगइनला मुख्य प्रोग्रामकडचे सर्व काही आपोआप मिळे. हे करणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. ६४ एमबी स्मृती आणि २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर असलेल्या यंत्रावर प्रत्येक प्लगइनला स्वतंत्र जागा देणे परवडत नव्हते. आजच्या फोनला ते परवडते, त्यामुळे कीबोर्ड किंवा विजेटचे ॲप वेगळ्या कप्प्यात चालते आणि ज्याला ते जोडले आहे त्या प्रोग्रामशी त्याचे बोलणे फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिममार्फत होते. कीबोर्ड बंद पडला तर ‘कीबोर्ड थांबला आहे’ अशी सूचना येते आणि व्हॉट्सॲप जागेवर राहते.

सर्वांत जास्त देणारी जोडणी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ किंवा ‘सुलभता’ या नावाखाली एक जोडणी असते. ती दृष्टिहीन आणि हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या माणसांसाठी आहे. टॉकबॅकसारखा प्रोग्राम पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवतो आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटण दाबतो. हे करायचे तर त्याला कोणत्याही ॲपमधला मजकूर वाचता आला पाहिजे आणि कोणतेही बटण दाबता आले पाहिजे. त्याहून कमी अधिकारात ते काम होतच नाही. म्हणून ही जोडणी चालू करताना फोन ‘पूर्ण नियंत्रण’ असा शब्द वापरतो, आणि तो शब्दशः खरा असतो.

बनावट पत्रिकेतला प्रोग्राम अनेकदा याच जोडणीवर डोळा ठेवतो. अपडेट पूर्ण करण्यासाठी किंवा पत्रिका नीट दिसण्यासाठी अमुक बटण चालू करा, असे तो सांगतो. ते एकदा चालू केले की पुढच्या परवानग्यांच्या पाट्यांवर ‘परवानगी द्या’ हे तो स्वतःच दाबतो, बँकेच्या ॲपमधले आकडे वाचतो, ओटीपी उचलतो, आणि तुम्ही तो काढायला सेटिंग्ज उघडल्या की लगेच ‘मागे’ दाबून तुम्हाला बाहेर आणतो. ताबा जाणे म्हणतात ते हे. काही बनावट फाइली इतक्या खोलात न जाता फक्त एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात. ते प्लगइनचे प्रकरण नसून साध्या परवानगीचे आहे, पण ओटीपी जायला तेवढेही पुरते.

सूचना (नोटिफिकेशन) वाचण्याची जोडणी अधिकारांच्या हिशेबात विजेट आणि ॲक्सेसिबिलिटी यांच्या मधली आहे. ती हातावरच्या स्मार्टवॉचसाठी लागते, कारण फोनवर आलेला संदेश घड्याळावर दाखवायचा तर कोणीतरी तो वाचलाच पाहिजे. तिला पडद्यावरची बटणे दाबता येत नाहीत, मात्र सूचनेत ओटीपी आला असेल तर तिच्यामार्फत तो दिसू शकतो.

मग ही जोडणी बंदच का करत नाहीत?

हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण ती बंद केली तर पहिला फटका पडद्याचे वाचन ऐकून फोन वापरणाऱ्या माणसाला बसतो. ॲपलने एक प्रकारे हा मार्ग घेतला आहे: आयफोनवर पडदा वाचणारा व्हॉइसओव्हर ॲपलचाच असतो आणि दुसऱ्याने बनवलेला वाचक तिथे बसवता येत नाही. त्यामुळे या प्रकारची चोरी आयफोनवर करता येत नाही, हे खरे. पण ॲपलचा वाचक एखाद्या भाषेत अडखळत असेल तर दुसऱ्या कोणाला तो प्रश्न सोडवता येत नाही, हेही तितकेच खरे. कीबोर्डबाबत हेच धोरण कायम राहिले असते, तर मराठी कीबोर्डसाठी आपण अजून कंपन्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो असतो.

गुगलने बंदीऐवजी जोडणी टप्प्याटप्प्याने आवळण्याचा मार्ग धरला आहे. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून, स्टोअरबाहेरून फाइलद्वारे आलेल्या ॲपसाठी ॲक्सेसिबिलिटी आणि सूचना-वाचन यांची बटणे सुरुवातीला गोठवलेली असतात. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये ॲपच्या कर्त्यांना आपल्या पानाचा एखादा भाग संवेदनशील म्हणून नोंदवता येऊ लागला, म्हणजे तो भाग फक्त खरोखर अपंगांसाठीची साधने म्हणून जाहीर केलेल्या प्रोग्रामनाच दिसतो. माझ्या मते योग्य दिशा हीच आहे, कारण तिच्यात गरजू माणसाची सोय शाबूत राहते. अर्थात गोठवलेले बटण ॲपच्या माहितीच्या पानावरून मोकळे करता येते, आणि ते कसे करायचे हे भामटे फोनवर बोलत बोलत, अगदी आदराने, समजावून सांगतात.

स्टोअरमधून घेतलेले ॲप निर्धास्त असते का, असेही विचारले जाते. तिथे तपासणी होते आणि धोका बराच कमी असतो, पण टॉर्चच्या किंवा कॅलेंडरच्या ॲपने ‘पूर्ण नियंत्रण’ मागितले तर ते स्टोअरमधून आले आहे म्हणून मागणी रास्त ठरत नाही. कामाला जेवढे लागते आणि जेवढे मागितले आहे, यांचा मेळ बसतो की नाही, एवढेच पाहावे.

आपल्या फोनमध्ये कुठे पाहायचे

कंपनीनुसार नावे थोडी बदलतात, पण सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ॲक्सेसिबिलिटी’ लिहिले की ते पान सापडते. त्यात ‘डाउनलोड केलेली’ किंवा ‘इन्स्टॉल केलेली’ ॲप्स असा भाग असतो आणि बहुतेकांच्या फोनमध्ये तो रिकामा असायला हरकत नाही. ‘विशेष ॲप प्रवेश’ या भागात सूचना वाचणाऱ्या ॲप्सची यादी मिळते. कीबोर्डची यादी भाषा आणि इनपुटच्या पानावर असते, आणि वापरात नसलेला कीबोर्ड तिथून बंद करून ठेवावा.

एखादे अनोळखी ॲप काढू गेल्यास पान आपोआप मिटत असेल, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. बहुतेक फोनवर बंद करण्याचे चिन्ह पडद्यावर आल्यावर ते दाबून धरले की हा पर्याय मिळतो. या स्थितीत बाहेरून बसवलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे ते ॲप प्रतिकार करू शकत नाही आणि सेटिंग्जमधून काढता येते. ते ‘डिव्हाइस ॲडमिन’च्या, म्हणजे फोनच्या व्यवस्थापनाचे अधिकार दिलेल्या ॲप्सच्या यादीत बसलेले असेल तर आधी तिथली खूण काढावी लागते. खात्यातून पैसे गेले असतील तर ही झटापट नंतर करावी. आधी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवून घ्यावे आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता येतील की नाही, हे तक्रार किती लवकर पोहोचते यावर अवलंबून असते.